कृतज्ञतेची वही: सहा महिन्यांनी, पाने निखळल्यावर

पेरणीच्या धावपळीत, जूनमध्ये ऑनलाइन मागवलेली ३९९ रुपयांची कृतज्ञता वही, म्हणजे ज्यांबद्दल आभार वाटतात त्या गोष्टी रोज लिहायची वही, पोळ्याच्या आधीच पाठीतून उसवली. पाने दोऱ्याने शिवलेली नसून नुसती गोंदाने चिकटवलेली आहेत, आणि पावसाळी दमट हवेत तो गोंद सुटला. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर वापरलेली वस्तू बदलून मिळत नाही, असे उत्तर आले. रोज लिहिण्यासाठी विकलेली वही न वापरता कशी पारखायची, हे मात्र त्यांनी कळवले नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात ४० रुपयांना मिळणारी शिवलेली वही माझ्या मुलाच्या दप्तरात वर्षभर टिकते.

खरे तर जुलैतच मी या प्रकाराला नावे ठेवू लागले होते. पानावर तीनच ओळी, आणि माझ्या ओळींत पाऊस, मुले, रात्रीची लाइट यांचा पाढा. एका आठवड्यात तर चार दिवस 'पाऊस आला' एवढेच लिहिलेले सापडले.

ते मत पुढे बदलावे लागले. एमन्स आणि मॅक्कलो या मानसशास्त्रज्ञांच्या कृतज्ञतेवरच्या २००३ सालच्या गाजलेल्या अभ्यासातल्या पहिल्या प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या, आणि मानसशास्त्रज्ञ सेलिगमन व सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या प्रयोगात रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या असल्या, तरी प्रत्येक गोष्ट का घडली हेही नोंदवायचे होते. माझ्या महागड्या वहीत या 'का'साठी बोटभर जागा नाही! जुलैअखेर मी ते समासात कोंबून लिहू लागले. 'सोयाबीनची डवरणी झाली' (म्हणजे बैलांनी ओळींमधले तण काढणे) या ओळीपुढे कारण लिहिताना लक्षात आले की वाफसा, म्हणजे जमीन कामाजोगी ओली असण्याचा काळ, दोनच दिवस होता आणि शेजारच्या काकाजींनी स्वतःचे वावर मागे ठेवून बैलजोडी आधी आमच्याकडे पाठवली होती. पोळ्याला त्याच जोडीसाठी पुरणपोळीचे ताट घेऊन गेले, तेव्हा काकाजींना हे बोलूनही दाखवले. "त्यात काय एवढं," म्हणत ते झूल सारखी करत राहिले.

आता दर रविवारी ४० रुपयांच्या वहीत लिहिते आणि अर्धे पान 'का'साठी सोडते. जुन्या वहीचे पुठ्ठे तेवढे मजबूत निघाले, मांडीवर ठेवून लिहायला कामी येतात. पाचपैकी एक तारा देते, तोही पुठ्ठ्यांसाठी.