‘कम्प्लीट बिगिनर सेट’च्या खोक्यातून काय निघालं

बॉक्सिंग शिकायला लागून दोन महिने झालेल्या एका मुलाने ऑनलाइन स्पीड बॅगचा, म्हणजे बोर्डखाली टांगून ठोसे मारायच्या हवा भरलेल्या छोट्या बॅगचा, ‘कम्प्लीट बिगिनर सेट’ मागवला. बॅग, गोल लाकडी बोर्ड, बॅग त्याला टांगायचा फिरता सांधा म्हणजे स्विव्हल, हातपंप, सगळं एका खोक्यात. तीन आठवडे रोज सराव करूनही ताल बसेना, तेव्हा आपले हातच मंद आहेत असं त्याने ठरवून टाकलं. हात ठीक होते, माल खोटा होता. या फसवणुकीत पैशांपेक्षा हे नुकसान मोठं आहे: नवशिक्याला आपण फसलोय हे कळतच नाही, तो दोष स्वतःला देतो आणि सराव सोडतो.

ठोसा बसल्यावर बॅग आधी पलीकडच्या बाजूला बोर्डवर आपटते, मग अलीकडे, मग पुन्हा पलीकडे, आणि परत येताना दुसरा ठोसा. दोन ठोशांच्या मध्ये तीन आवाज. सगळा ताल या तीनवर बांधलेला असतो. त्या सेटवर तिसरा आवाज येतच नव्हता. बॅग दोन आपट्यांत मरून लटकायची.

पहिला दोष बोर्डात. फोटोत जाडजूड लाकूड दिसत होतं, हातात आला तो १२ मिलिमीटरचा पार्टिकल बोर्ड, कडेला जाड पट्टी चिकटवून भरभक्कम दाखवलेला. पातळ बोर्ड स्वतःच थरथरतो आणि बॅगचा जोर खातो. बोर्ड निदान १ इंच जाड हवा, दीड असेल तर उत्तम, व्यास २४ इंच. सोळा-अठरा इंची बोर्डवर मोठ्या बॅगचं पोट कडेवर आदळतं आणि ती वाकडी उडते. जाडी कडेवरून मोजू नका, स्विव्हलच्या स्क्रूचं भोक असतं तिथे मोजा.

दुसरा दोष मापात, आणि इथे जास्त लोक फसतात. स्पीड बॅगचं माप लांबी गुणिले रुंदी असं इंचांत सांगतात. नवशिक्याने १० बाय ७ किंवा त्याहून मोठी घ्यावी, कारण मोठी बॅग सावकाश फिरते आणि डोळ्याला सापडते. ८ बाय ५ ही सरावलेल्या हातांची. खोक्यावर १० बाय ७ छापलं होतं. लांबीत वरची अडकवायची पट्टीही धरली होती आणि रुंदी नुसतीच ठोकून दिली होती. तपासायला एक सुतळी पुरते. फुगवलेल्या बॅगच्या सर्वांत फुगीर भागाभोवती ती गुंडाळा: ७ इंच रुंदीला घेर सुमारे २२ इंच भरतो, ५ इंचाला १६ देखील भरत नाही. त्या बॅगचा घेर १६ इंचांच्या आतच होता.

‘जेन्युइन लेदर’चं कव्हर रेग्झिनचं निघालं. वरची नाडी सैल करून कापलेली कड पाहिली की लगेच कळतं. चामड्याला तंतू दिसतात, रेग्झिनच्या पाठीला विणलेलं कापड. रेग्झिनवर शिकता येत नाही असं नाही, पण मग पैसे रेग्झिनचे घ्या. शिवण मात्र सोडू नका. बॅग टांगून हळूच गरगर फिरवा. खालचं टोक एका जागी फिरलं तर कव्हरचे तुकडे सारखे कापलेत; टोक वर्तुळ काढत असेल तर ती बॅग कधीच सरळ परतणार नाही.

स्विव्हल म्हणून आलेला तुकडा म्हणजे नुसती कडी आणि एस-हूक. असा हूक आपटून आपटून उघडतो आणि बॅग तोंडावर येते. बॉल-बेअरिंगचं स्विव्हल बोटाने फिरवलं तर खडखड न करता सगळीकडे सारखं फिरतं.

ब्लॅडरबाबत, म्हणजे आतल्या हवेच्या फुग्याबाबत मात्र विक्रेत्यावर उगाच आळ घेऊ नये. लेटेक्सचं ब्लॅडर काही दिवसांत हवा सोडतंच, ब्युटिलचं जास्त टिकतं. रात्री घेर मोजा, सकाळी पुन्हा मोजा. एका रात्रीत बॅग लुळी पडली तर ब्लॅडर किंवा व्हॉल्व्ह खराब. सुई ओली करून सरळ घाला, कोरडी सुई व्हॉल्व्ह फाडते. दाब साधारण २ ते ४ पीएसआय, अंगठ्याने दाबल्यावर किंचित आत जाईल इतका. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेऊ नका. शिवण उसवली की ‘तुम्हीच फाडली’ म्हणायला विक्रेता मोकळा होतो.

हे सगळं बोर्ड भिंतीला ठोकायच्या आधी करायचं. भोकं पाडून बसवलेला माल परत घ्यायला कोणी तयार नसतं, आणि त्या मुलाचं नेमकं तिथेच अडलं. भिंतीचंही पाहून घ्या: नव्या इमारतींत सिपोरेक्सचे हलके ब्लॉक असतात, त्यात सेटसोबतचे प्लास्टिकचे रॉल प्लग आपटण्याने सैल होऊन निघतात. बॅगचा फुगीर भाग हनुवटीच्या पातळीला येईल अशी उंची धरा.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा: आधी पत्त्याचं लेबल, मग मोजायची टेप लावून बोर्डची जाडी. विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी ठेवा, कारण तक्रार झाली की वर्णन बदललं जातं. ‘सील उघडलं, रिटर्न नाही’ या उत्तरावर गप्प बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत सांगितल्यासारखा नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे काम झालं नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि एवढ्या किमतीच्या मालाला तक्रारीची फी लागत नाही. आगाऊ पैसे घेऊन माल पाठवलाच नाही, तर मात्र वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा.