व्हर्ट-मॅनेजर वर्षभर वापरला: फुकट आहे, भारी आहे, पण ती 'शेअरेबल'ची टिक जपून

आधीच सांगतो, मी काय मोठा सर्व्हरवाला नाही. बेळगावच्या उद्यमबागला एका कास्टिंग मशीनिंगच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, अंगठ्याचं हजेरी मशीन, सगळं माझ्याच गळ्यात. तीन नवीन पीसी मागितले तर मालक म्हणाले बघू की दिवाळी झाल्यावर, कुठली दिवाळी ते नाही सांगितलं. म्हणून ३२ जीबी रॅमच्या एका जुन्या टॉवरवर लिनक्स टाकला आणि केव्हीएमवर, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर चालवायची लिनक्सची सोय, तिच्यावर तीन व्हर्च्युअल मशीन उभी केली. एक अकाउंट्सची विंडोज, एक टेंडरची विंडोज आणि एक जुनी विंडोज ७, कारण ड्रॉइंगचं जुनं सॉफ्टवेअर तिच्यावरच चालतं. हे सगळं खिडक्या-बटणांनी सांभाळायचं सॉफ्टवेअर म्हणजे व्हर्ट-मॅनेजर. वर्ष झालं, आता बोलायला हरकत नाही.

सोपं काम तो लय सोपं करतो. मशीन बनवा, रॅम द्या, डिस्क द्या, नेटवर्क द्या, स्क्रीन समोर. मशीन चालू असताना काही बदललं आणि तो बदल लगेच लागणार नसेल, तर पुढच्या शटडाऊननंतर लागू होईल असं सरळ सांगतो. नेटवर्कला मॅकव्हीटॅप (मशीन थेट टॉवरच्या नेटवर्क कार्डाला जोडायचा प्रकार) निवडलं की तिथंच खाली लिहिलेलं येतं की बहुतेक वेळा होस्ट, म्हणजे टॉवर, आणि गेस्ट, म्हणजे आतली मशीन, एकमेकांशी बोलू शकणार नाहीत. ही ओळ मी पहिल्यांदा वाचलीच नाही आणि अर्धा दिवस पिंग मारत बसलो, तर तो माझा गाढवपणा.

खरी गंमत एकच वस्तू दोन मशीनना लागते तेव्हा. आमच्याकडे डिजिटल सहीचं डीएससी टोकन, म्हणजे यूएसबीला लावायची काडी, एकच. अकाउंट्सच्या मॅडमना जीएसटीला लागतं, टेंडरवाल्याला टेंडरला. यूएसबीची वस्तू एका वेळी एकाच मशीनला मिळते, त्यात काही चूक नाही. दुपारी हाक येते, "काय करुलालाय वो तिकडं, माझं टोकन परत गेलं की!" मी बघतो तर टेंडरवाल्याच्या मशीनला जोडलेलं असतं. पण इथं एक गोष्ट मला फार आवडली. दुसरीकडं लागलेलं टोकन जोडायला गेलं की जी एरर येते तिच्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, हे डिव्हाइस अमुक नावाच्या मशीनकडं आहे. नाव! बस, एवढंच पाहिजे असतं माणसाला, कुणाकडं जाऊन मागायचं ते कळलं.

आता डिस्कचं बघा. मशीनची डिस्क म्हणजे होस्टवरची एक फाइल, तिला डिस्क इमेज म्हणतात. एकाच्या ताब्यातली डिस्क इमेज दुसऱ्या मशीनला देऊन चालू करायला गेलात तर खालून क्यूएमू, म्हणजे मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम, म्हणतो की राइट लॉक मिळालं नाही, दुसरा कुठला प्रोसेस ही फाइल वापरतोय का? म्हणजे उलट आम्हालाच प्रश्न. अरे बाबा, मला माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं. हे लॉक क्यूएमूच्या २.१० मध्ये, २०१७ ला आलं, आणि आलं ते बरंच झालं, त्याआधी क्यूएमू अडवतच नव्हता. पण टोकनला नाव सांगतो आणि डिस्कला कोडं घालतो, असं का? तर व्हर्ट-मॅनेजर हा नुसता चेहरा, त्याच्या मागं सगळ्या मशीनचा कारभार बघणारा लिबव्हर्ट, त्याच्या मागं क्यूएमू आणि तळाला कर्नलमधलं केव्हीएम. टोकनचा हिशोब लिबव्हर्ट ठेवतो, त्याला मशीनची नावं पाठ असतात. लॉकची तक्रार क्यूएमूची, त्याला फक्त फाइल दिसते, ती धरून कोण बसलंय ते नाही. ज्या थरातून एरर निघते त्याच भाषेत ती वर येते आणि आपल्या तोंडावर आपटते. एक मात्र मान्य, डिस्क नव्यानं जोडताना ती दुसऱ्याकडं आहे असा इशारा व्हर्ट-मॅनेजर स्वतः देतो, खरंच वापरायची का म्हणून विचारतो. पण हो म्हणायला एक क्लिक पुरतं.

आणि मी ते मारलं. ड्रॉइंगची डिस्क टेंडरच्या मशीनलाही दिसावी म्हणून दोन्हीकडं डिस्कच्या पानावर 'शेअरेबल'ची टिक केली, ती केल्यावर सगळ्यांची तोंडं बंद, दोन्ही मशीन मस्त चालू. पहिल्या दिवशी एकीकडं सेव्ह केलेली फाइल दुसरीकडं दिसेना, रीस्टार्ट केल्यावर दिसली. तिसऱ्या दिवशी दोन फोल्डर उघडेचनात, चेकडिस्क चालवलं तर फाइलींची नुसती खिचडी. रविवारचा बॅकअप होता म्हणून नोकरी राहिली. चूक माझीच. डिस्कवर फाइली मांडणारी फाइल सिस्टम विंडोजची एनटीएफएस असो नाहीतर लिनक्सची ईएक्सटी४, तिला वाटतं डिस्कचा मालक मी एकटाच, कुठल्या जागा मोकळ्या ते ती आपल्याच डोक्यात धरून ठेवते, दुसऱ्यानं तिथं लिहिलं तर तिला पत्ताच नाही. दोघांनी एक डिस्क लिहायची तर जीएफएस२, ओसीएफएस२ असली क्लस्टरची फाइल सिस्टम लागते, जी आपसात लॉक मागते. शेअरेबलचा अर्थ एवढाच की कॅश बंद ठेवून दोघांना हात लावू दे, भांडण मिटवणं त्याच्या खात्यात नाही. पण त्या टिकशेजारी हे एका ओळीत लिहायला काय हरकत होती? मॅकव्हीटॅपला लिहिलंय ना!

आमच्या खानापूरकडच्या शेतात भावकीची एक विहीर आहे, तीन घरं, मोटर एक. स्टार्टरच्या पेटीवर आजोबा खडूनं लिहायचे आज कुणाची पाळी. पाइप कितीही चांगला असू दे, पेटीवर नाव नसलं की भांडण ठरलेलं. व्हर्ट-मॅनेजरमध्ये मला हेच कमी वाटतं. त्यात प्रत्येक मशीनचं पान आहे, वस्तूचं पुरतं पान नाही. ही डिस्क कुणाकडं हे स्टोरेजच्या यादीतल्या 'युज्ड बाय'च्या रकान्यात दिसतं, पण कोण लिहितोय, कोण नुसतं वाचतोय, हे एका जागी बघायला मिळत नाही, तीन खिडक्या उघडून आपणच ताळा करायचा.

आणि पाइप खरंच चांगला आहे हो. व्हर्टआयओ बघा, मशीनला डिस्क आणि नेटवर्क पोचवायची पद्धत, रस्टी रसेलनं २००८ च्या पेपरमध्ये मांडलेली डिझाइन. तिच्या आजच्या रूपात मशीनच्या आतला ड्रायव्हर विचारतो तुला काय काय येतं, होस्टनं दिलेला डिव्हाइस यादी देतो, ड्रायव्हर त्यातलं झेपेल तेवढं निवडून 'ठरलं' म्हणून एक बिट लावतो आणि तोच बिट परत वाचून बघतो. डिव्हाइसला पटलं नसेल तर तो बिट राहतच नाही. नेटवर्क कार्डात तर पॅकेटच्या रांगा वेगळ्या आणि मॅक पत्ता बदलण्यासारख्या हुकमांची कंट्रोल रांग वेगळी, म्हणजे डेटाच्या गर्दीत हुकूम अडकत नाही. दोन्ही बाजूंनी हो म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही हा नियम यंत्रांना लावलाय, माणसाला मात्र एक टिक देऊन मोकळे.

शेवटी ड्रॉइंगसाठी व्हर्टआयओएफएस लावलं. यात डिस्क वाटत नाहीत, होस्टचं फोल्डर वाटतात, फाइल सिस्टम एकच आणि ती होस्टच्या ताब्यात, त्यामुळं खिचडी होत नाही. लिनक्सच्या ५.४ पासून, म्हणजे २०१९ पासून हे कर्नलमध्ये आहे. पण इथंही एक खोड, फोल्डर जोडायचं फाइलसिस्टमच्या पानावर आणि शेअर्ड मेमरीची टिक मेमरीच्या पानावर, ती विसरलात की मशीन चालूच होत नाही, म्हणे व्हर्टआयओएफएसला शेअर्ड मेमरी पाहिजे. पाहिजे तर तिथल्या तिथं विचार की! विंडोजमध्ये वेगळा ड्रायव्हर आणि विनएफएसपी नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं ते आणखी वेगळं. जुन्या विंडोज ७ च्या वाटेला गेलोच नाही, तिला साधं नेटवर्क शेअर दिलं.

तर घ्या का? दोनतीन मशीन आणि ज्याची त्याची वस्तू असेल तर डोळे झाकून घ्या, पैसे शून्य. वस्तू वाटून घ्यायच्या असतील तर डोळे उघडे ठेवून घ्या आणि बॅकअप आधी. माझ्याकडून पाचात साडेतीन स्टार, अर्धा त्या टोकनच्या एररमधल्या नावासाठी.

टोकनची अदलाबदल करायला मी व्हर्शच्या, म्हणजे लिबव्हर्टला टाइप करून हुकूम द्यायच्या कमांडच्या, दोन ओळींची स्क्रिप्ट केलीय आणि टॉवरच्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवतो, टोकन कुणाकडं. काल बघतो तर नाव पुसून कुणीतरी तिथं लिहिलंय, चहा ४, बिनसाखर १.