‘ब्लॅकलिस्ट’ काढायच्या नावाखाली आमच्याकडून दोनदा पैसे उकळले

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करून पुण्याच्या पंपवाल्यांना माल देतो. ऑर्डर, ड्रॉइंग, आठवड्याचं शेड्यूल, सगळं मेलवर येतं. शॉप हे बघतात, ऑफिस मी. त्यामुळे जे झालं ते माझ्या टेबलावर झालं, आणि ज्यांचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे अशा प्रत्येकाला ते कळावं म्हणून लिहितेय.

जुना सर्व्हर सेंटओएस 7 या ऑपरेटिंग सिस्टिमवर होता. 30 जून 2024 ला त्याचे अपडेट कायमचे बंद होणार होते, म्हणून नवीन सर्व्हर घ्यायचं ठरलं. ओळखीतून एक जण मिळाला. तीस हजारांत काम ठरलं. 23 जूनच्या रविवारी त्याने उबुंटूवर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही मेलची सॉफ्टवेअर बसवली, जुने मेलबॉक्स आणले, एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ती नोंद) बदलला आणि संध्याकाळी चहा घेऊन गेला.

सोमवारी अकरा वाजले तरी बाहेरून एकही मेल नाही. ऑफिसातल्या ऑफिसात पाठवलेले पोचत होते, आमचे बाहेर जात होते, पण आत काहीच येत नव्हतं. रोजचा जाहिरातींचा कचरासुद्धा नाही. दुपारी पुण्याहून परचेसचा फोन आला, “मॅडम, तुमच्याकडून मेल परत येतोय.” त्यांनी परत आलेल्या मेलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. मी तो न वाचता त्या माणसाला पुढे पाठवला.

“वहिनी, टेन्शन घेऊ नका. तुमचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा पत्ता, ब्लॅकलिस्ट झालाय. स्पॅमहाउस म्हणून बाहेरच्या देशातली संस्था आहे, तिची फी भरल्याशिवाय नाव निघत नाही.” फी साडेचौदा हजार. पावती मागितली तर म्हणाला, पैसे डॉलरमध्ये जातात, पावती तिकडून येईल. मंगळवार असाच गेला. बुधवारी मी त्याच्या स्वतःच्या नंबरवर यूपीआय केलं आणि वीस मिनिटांत मेल धडाधड यायला लागले. त्या वीस मिनिटांमुळेच माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला.

2 सप्टेंबरला, सोमवारीच, पुन्हा तेच. या वेळी बावीस हजार मागितले, “वर्षभराचं व्हाइटलिस्टिंग करून टाकू.” गणपती तोंडावर, डिस्पॅच अडकलेला. मी दहा हजार लगेच दिले, बाकीचे नंतर देते म्हणाले. मेल सुरू झाले. मधल्या दिवसात आलेलं एका ग्राहकाचं शेड्यूल मात्र परतच गेलं होतं, आणि ते काम त्यांनी दुसरीकडे दिलं. हे लक्षात ठेवा: समोरच्या सर्व्हरला चारशेच्या घरातला कोड मिळाला तर तो काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. साडेपाचशेच्या आसपासचा मिळाला तर मेल तिथेच संपतो, पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवला तरच येतो. आमचा सर्व्हर 554 देत होता.

हरतालिकेच्या दिवशी माझा भाचा गणपतीला आला. तो पुण्यात सर्व्हरचंच काम करतो. मी त्याला सहज तो फोटो दाखवला. त्याने बोटाने मोठा केला आणि विचारलं, “मामी, यात आपला आयपी कुठेय?”

नव्हताच. अडवलेला म्हणून जो पत्ता छापला होता तो पुण्याच्या कंपनीच्या सर्व्हरचा. नाकारणारे आम्ही होतो. आणि त्याच ओळीत पुढे लिहिलेलं होतं: एरर, ओपन रिझॉल्व्हर. म्हणजे कारण पहिल्याच दिवशी माझ्या फोनमध्ये आलं होतं.

त्याने समजावलं ते असं. बाहेरून मेल आला की आमचा सर्व्हर डीएनएसमधून (नावावरून पत्ता शोधायची इंटरनेटची यंत्रणा) स्पॅमहाउसला विचारतो, हा पत्ता तुमच्या स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत आहे का? यादीत असेल तर 127.0.0.2 सारखं उत्तर येतं, नसेल तर काहीच येत नाही. पण हा प्रश्न गूगलच्या 8.8.8.8 सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून, म्हणजे असे प्रश्न पुढे नेऊन उत्तर आणणाऱ्या सगळ्यांसाठी खुल्या सर्व्हरमधून, गेला तर स्पॅमहाउस उत्तर देत नाही, 127.255.255.254 असा एरर कोड देतं. नव्या सर्व्हरवर नेमका 8.8.8.8 टाकलेला. आमच्या सर्व्हरला काहीतरी उत्तर आलं एवढंच दिसायचं, आणि येईल त्याला तो स्पॅमर समजून परत पाठवायचा. भाच्याने सर्व्हरवरच अनबाउंड नावाचा रिझॉल्व्हर बसवला आणि 127.0.0.2 ते 127.0.0.11 एवढीच उत्तरं धरायची असं पोस्टफिक्सच्या फाइलीत स्पॅमहाउसला विचारायची जी ओळ असते तिच्यात लिहिलं. तासाभराचं काम. आमचा आयपी स्पॅमहाउसच्या साइटवर तपासला, तो कुठल्याच यादीत नव्हता. असता तरी नाव काढायला स्पॅमहाउस एक रुपया घेत नाही.

पहिल्या वेळी त्याची चूक झाली असेल, हे मी मानते. पण चूक कळल्यावर त्याने काय केलं? त्या एका ओळीपुढे हॅश (#) टाकून ती बंद केली आणि त्याची फी घेतली. दुसऱ्या वेळचं तर लॉगमध्येच, म्हणजे सर्व्हर स्वतः ठेवतो त्या नोंदींत, होतं. 1 सप्टेंबरच्या रात्री 11:42 ला रूटचं (सर्व्हरच्या मुख्य खात्याचं) लॉगिन, आणि पाच मिनिटांत पोस्टफिक्सच्या फाइलीत बदल. आम्ही झोपलेलो असताना त्याने तो हॅश काढला होता. पैसे मिळाल्यावर परत टाकला. हे वाचताना माझे हात थरथरत होते. ज्या माणसाला घरात बसवून चहा दिला, त्याने आमचं काम अडवून पैसे मागितले.

पासवर्ड लगेच बदलला, पण तेवढ्याने भागलं नसतं. त्याची एसएसएच की सर्व्हरवर तशीच होती, पासवर्डशिवाय आत येता आलं असतं. ती काढली. तुमचं काम करून माणूस गेला असेल तर ही की आजच बघून घ्या. डोमेन आमच्या ह्यांच्या नावावर होतं, नाहीतर आम्हाला ते सोडवून घेता आलं नसतं.

त्याला फोन केला तर “तेव्हा लिस्ट होतं” एवढंच म्हणाला. नंतर फोन बंद. लॉगच्या प्रती, यूपीआयच्या नोंदी आणि तो फोटो जोडून 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर पोलिसांकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली तक्रार दिली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.

त्याच माणसाने गोकुळ शिरगावातल्या एका युनिटचा सर्व्हर केला होता. मी त्यांना जाऊन सांगितलं. भाच्याने त्यांची फाइल उघडली, तर त्याच ओळीपुढे तोच हॅश. त्यांनी तीनदा ‘फी’ भरली होती. त्यांचा अर्ज आता आमच्या अर्जाला जोडला आहे.