आधी टेनर मोजा: तरुण कॉयरसाठी इंग्लिश पार्टसाँग निवडताना

कॉलेजात असलेल्या किंवा नुकतंच कॉलेज संपवलेल्या सोळा-अठरा जणांचा कॉयर आहे, पियानोची साथ नाही, कार्यक्रमात पंधरा-वीस मिनिटं मोकळी आहेत आणि ती इंग्लिश पार्टसाँगनी, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांच्या भागांत एकत्र गायच्या छोट्या गाण्यांनी, भरायची आहेत. एल्गार आणि व्हॉन विल्यम्स सगळेच गातात, म्हणून जरा आडवाटेचं काही हवंय. अशा वेळी माझ्या मते चार संगीतकारांची नावं विचारात घ्यावीत: रॉबर्ट लूकस पीअर्सल, चार्ल्स व्हिलियर्स स्टॅनफर्ड, ई. जे. मोरन आणि जेराल्ड फिन्झी. यांतला स्टॅनफर्ड चर्चसंगीतातल्या माणसांना चांगला ठाऊक आहे, पण त्या वर्तुळाबाहेर त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

निवड करताना बहुतेक जण आधी कागदावरच्या ओळी मोजतात, म्हणजे आवाजाच्या प्रत्येक भागाची एक. आठ ओळी दिसल्या की अवघड, चार दिसल्या की सोपं. मी आधी टेनर मोजतो. तरुण कॉयरमध्ये सोप्रानो (मुलींचा उंच आवाज) भरपूर, आल्टो (मुलींचा खालचा आवाज) पुरेशा, बास (मुलांचा खालचा आवाज) म्हणवणारे तीन-चार आणि खरे टेनर (मुलांचा उंच आवाज) जेमतेम दोन असतात. त्या दोघांतल्या एकाची त्याच आठवड्यात परीक्षा असते. हे गणित समोर ठेवलं की चौघांचा क्रम पार बदलतो.

पीअर्सलपासून सुरुवात करू, कारण मोह त्याचाच जास्त होतो. हा १७९५ साली ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टनमध्ये जन्मला. पेशाने बॅरिस्टर. प्रकृतीच्या कारणाने जर्मनीत गेला आणि शेवटी स्वित्झर्लंडमधल्या वार्टेन्से नावाच्या किल्ल्यात १८५६ साली वारला. ब्रिस्टल मॅड्रिगल सोसायटी १८३७ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या निमित्ताने त्याने पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या मॅड्रिगलची, म्हणजे साथीशिवाय अनेक आवाजांत गायच्या गाण्यांची, शैली पुन्हा हाताळली. ‘ले अ गारलंड’ ही त्याची आठ आवाजांची रचना १८४० ची. शब्द बोमंट आणि फ्लेचर यांच्या ‘द मेड्स ट्रॅजेडी’ या नाटकातले आहेत. नाटकात प्रेमात फसवली गेलेली मुलगी स्वतःच्या तिरडीबद्दल गाते. पीअर्सलने ‘माझ्या’चं ‘तिच्या’ केलं आणि एकटीचं गाणं शोक करणाऱ्या सगळ्यांचं होऊन बसलं. वृंदगानासाठी याहून नेमका बदल सुचणं कठीण.

संगीत जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं. लय संथ आहे, उड्या कमी आहेत, ताल सरळ आहे. एकेकाची ओळ वेगळी काढून पाहिली तर पहिल्या वर्षाच्या मुलालाही बसेल. सगळी गंमत आवाज एकमेकांना घासण्यात आहे. एक आवाज आधीच्या कॉर्डमधला (एकत्र लागणाऱ्या स्वरांच्या जुळणीतला) स्वर धरून ठेवतो, दुसरा त्याला अगदी लगटून येतो, कानाला टोचतं आणि मग पहिला हळूच एक पायरी खाली उतरतो. हे टोचणं निर्भयपणे धरून ठेवायला शिकवणारी इतकी चांगली रचना मला दुसरी माहीत नाही. घाबरून स्वर लवकर सोडणारा गायक इथे लगेच सापडतो.

पण सोळा जणांत आठ भाग म्हणजे एका भागाला दोघं, आणि टेनरचे भाग दोन. दोन टेनर असतील तर प्रत्येक जण एकटा. जाड आवाजाच्या आल्टोंना पहिल्या टेनरच्या ओळीवर बसवता येतं आणि बरेच जण तसं करतातही. तरीही वरच्या स्वरांची चमक त्यात येत नाही. दुसरी अडचण सभागृहाची. या रचनेला दगडी भिंती आणि उंच छत हवं. जुन्या गोव्यातल्या एखाद्या चर्चमध्ये ती फुलेल. गालिचे घातलेल्या वातानुकूलित हॉलमध्ये प्रत्येक लांब स्वराची शेपटी तुटते आणि श्वास घेतल्याचे आवाज तेवढे ऐकू येतात. तुमच्याकडे वीसहून जास्त गायक आणि घुमणारी जागा, दोन्ही असेल तरच पीअर्सल घ्या.

स्टॅनफर्डच्या ‘द ब्लू बर्ड’चं गणित नेमकं उलटं आहे. १९१० च्या आठ पार्टसाँगच्या संचातली (ओपस, म्हणजे रचनाक्रमांक, ११९) ही तिसरी रचना, कविता मेरी कोलरिजची: निळं तळं, वरून उडत गेलेला निळा पक्षी, पाण्यात पडलेलं त्याचं प्रतिबिंब, बस. भाग पाच. सोप्रानो एक, आल्टो दोन, टेनर एक, बास एक. म्हणजे तरुण कॉयरमध्ये जसे आवाज सापडतात जवळजवळ तशीच मांडणी! खालचे चार भाग एकत्र, दबक्या आवाजात कविता सांगत राहतात आणि सोप्रानो त्यांच्यावर तरंगत ‘ब्लू’ हा शब्द ठेवत जाते. शेवटचा ‘ब्लू’ तर षड्जावर येतच नाही, अधांतरीच संपतो. मैफलीत समेवर येण्याची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला क्षणभर वाटतं की अजून काहीतरी यायचंय. टाळी कधी वाजवायची हे कळत नाही, आणि ते छान असतं.

अडचण पट्टीची आहे. मूळ रचना जी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत काळी तीन. संथ, हलक्या आवाजात, साथीशिवाय गाताना कॉयर हळूहळू खाली घसरतो, आणि ही रचना त्याला निसरडी वाट करूनच देते. अर्धा स्वर चढवून पांढरी पाचमध्ये गाऊन पाहा. सोप्रानो कुरकुर करतील, पण बासच्या खालच्या स्वरांना जीव येतो. सोप्रानोची ओळ एकाच मुलीला द्यायची का सगळ्यांना? दोन्ही पद्धती रूढ आहेत. मी सगळ्यांना देईन, कारण एकटीचा श्वास संपला की संपला. तीन-चार जणी असल्या की आळीपाळीने श्वास चोरता येतो.

एक गोष्ट मराठी बोलणाऱ्यांच्या बाजूने जाते. ‘लेक’ मधला ए आणि ‘ब्लू’ मधला ऊ आपण आपसूक सरळ, न वळवता म्हणतो. इंग्लंडमधल्या मुलांना ते मुद्दाम शिकवावं लागतं. पीअर्सलच्या ‘विलो’ आणि ‘वेअर’ला मात्र आपला दातांवर टेकणारा व आडवा येतो. तिथे ओठ गोल करायची तालीम वेगळी घ्या.

आता मोरन. जन्म १८९४, मृत्यू १९५०. पहिल्या महायुद्धात १९१७ साली फ्रान्समध्ये बुलकूरला डोक्याला जखम झाली. पुढे नॉरफोकमधली लोकगीतं जमवत फिरला आणि काही वर्षं केंटमधल्या आइन्सफर्ड गावी पीटर वॉरलॉक या संगीतकारासोबत राहिला. त्या घरातल्या दारूच्या कथा बऱ्याच आहेत, इथे त्यांचं काम नाही. ‘साँग्ज ऑफ स्प्रिंगटाइम’ हा त्याचा सात गाण्यांचा संच १९३० चा. शब्द शेक्सपिअर, नॅश, डॅनियल, फ्लेचर, ब्राउन आणि हेरिक यांचे. पूर्ण संच साधारण पंधरा मिनिटांचा, पण सातही गायची सक्ती नाही.

कागदावर चार ओळी दिसतात आणि कंडक्टर निर्धास्त होतो. फसतो तो इथेच. वरची चाल जुन्या लोकगीतासारखी सोपी, पण आतले भाग, खासकरून आल्टो आणि टेनर, सतत अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकतात. आत्ता शुद्ध असलेला स्वर पुढच्याच मात्रेला कोमल होतो. ललितातले दोन मध्यम लागोपाठ गायलेली मुलगी असेल तर तिला आल्टोत बसवा, तिचं अर्धं काम झालेलं आहे. बाकीच्यांची ओळ आधी एकेकट्याने पक्की करून घ्या, मगच एकत्र आणा. उलट क्रमाने गेलात तर सगळे सोप्रानोची चाल गुणगुणायला लागतात.

असं असूनही मी मोरनच सुचवीन. टेनरचा भाग एकच आहे आणि दोन चांगल्या गळ्यांत भागतो. शब्द खेळकर आहेत, गाणी छोटी आहेत, आणि कोरड्या हॉलमध्येही ती मरत नाहीत, कारण त्यांचा जोर घुमण्यावर नसून शब्दांच्या फेकीवर आहे. वीस वर्षांच्या आवाजाला वसंत आणि प्रेमभंग गाताना अभिनय करावा लागत नाही. ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’, ‘लव्ह इज अ सिकनेस’ आणि डॅफोडिल्सवरचं ‘टू डॅफोडिल्स’ या तीन गाण्यांनी सुरुवात करा. ‘गुड वाइन’ पालकांपुढे घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. त्याचाच १९३९ चा ‘फिलिडा अँड कॉरिडन’ हा दुसरा संच मात्र सध्या दूर ठेवा. तिथली हार्मनी आणखी गुंतागुंतीची आहे आणि मुलं वैतागतात.

फिन्झीची सात गाणी (ओपस १७) १९३० च्या दशकातली, सगळे शब्द रॉबर्ट ब्रिजेसचे. त्यांतलं ‘माय स्पिरिट सँग ऑल डे’ दोन मिनिटांच्या आत संपतं आणि कार्यक्रमाच्या शेवटी हमखास रंगतं. कवितेत ‘जॉय’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि फिन्झीच्या बायकोचं नावही जॉय. हे मुलांना सांगितलं की गाताना चेहरे आपोआप खुलतात. बाकीच्या गाण्यांत इंग्लिश शब्दांवरचे आघात इतके बारकाईने मांडलेले आहेत की मात्रा मोजत गाणारा कॉयर लाकडी वाटतो. आधी कविता मोठ्याने वाचून घ्या, दोन-तीनदा. पूर्ण संचाला इंग्लिशचा सराव असलेले गायक लागतात. एकटं ‘माय स्पिरिट’ कुणालाही जमेल.

म्हणून मोकळ्या वेळात बसवायचं तर मोरनची तीन, स्टॅनफर्डचं एक आणि शेवटी फिन्झीचं एक. स्टॅनफर्ड मध्ये ठेवा, पहिलं नको, कारण गळे तापल्याशिवाय ते हलके स्वर लागत नाहीत. वेळ उरलाच तर स्टॅनफर्डचाच विद्यार्थी असलेल्या सॅम्युअल कोलरिज-टेलरचं ‘समर इज गॉन’ पाहून ठेवा.

स्वरलिपीच्या खर्चाचं सांगायचं तर पीअर्सल आणि स्टॅनफर्ड कॉपीराइटमधून कधीच मोकळे झाले आहेत आणि त्यांच्या प्रती इंटरनेटवर फुकट मिळतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची मुदत असते, त्यामुळे मोरन आणि १९५६ साली वारलेला फिन्झी दोघेही इथे मोकळे आहेत. लंडनमधल्या मराठी मंडळींनी कॉयर काढला असेल तर तिथे मुदत सत्तर वर्षांची, म्हणजे फिन्झीला २०२६ अखेरपर्यंत संरक्षण आहे. मोरन आणि फिन्झीच्या छापील प्रती मी तरी विकतच घेईन. झेरॉक्समध्ये कोमल-तीव्राच्या खुणा पुसट होतात, आणि मोरनच्या आल्टोला तेवढं एकच चिन्ह चुकलं तरी पूर्ण कॉर्ड बिघडते.