दाण्याची नळी आणि मातीचा परळ: पर्वरीतल्या परसातलं एक वर्ष

गेल्या नोव्हेंबरात मी पाखरांसाठी दोन वस्तू घेतल्या. एक ऑनलाइन मागवलेली, पारदर्शक प्लॅस्टिकची, झाडाला टांगायची दाण्याची नळी, ३४९ रुपयांची. दुसरा पाणी ठेवायचा मातीचा पसरट परळ, इथे गोव्यातच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून १२० रुपयांना आणलेला. आज नळी माळ्यावर पडली आहे आणि परळ परसात दोन चिऱ्यांवर रोज भरला जातो.

नळीत मी राळे आणि बाजरी घातली. पहिले पाचसहा दिवस ठिपकेवाल्या मनोल्या आल्या, चार-पाच जणी. चोचीत दाणा धरून सोलायच्या आणि टरफल बाजूने खाली सोडायच्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हलतच नव्हते. मग पारवे आले. नळीवर त्यांना बसता येईना, पण खालच्या भोकांतून दाणा सारखा गळायचा आणि तो टिपायला सकाळपासून वीसेक पारवे. शेजारच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर विष्ठा पडायला लागली, वर त्यांच्या सासऱ्यांना दमा. त्या काही बोलल्या नाहीत, पण मीच शरमले. रात्री घुशी येऊ लागल्या ते वेगळंच. जूनमध्ये झाकणातून पाणी शिरलं आणि आतली बाजरी दोन दिवसांत काळी पडली. बुरशीचा दाणा पाखरांना विषासारखा, म्हणून सगळी ओतून पुरून टाकली. परत घ्या म्हणून कळवलं तर 'वापरलेली वस्तू घेत नाही' असं उत्तर आलं.

खोक्यावर बर्फातल्या पाखरांचं चित्र होतं, ते मी तेव्हा नीट पाहायला हवं होतं. बर्फ पडतो त्या देशांत हिवाळ्यात किडे मिळत नाहीत, म्हणून तिथे दाणा टांगतात. आपल्या परसात येणारी निम्म्याहून जास्त पाखरं दाण्याकडे बघतसुद्धा नाहीत. दयाळ आणि शिंपी किडे खातात, शिंजीर जास्वंदीतला मध आणि कोळी, कुटुर्गा फळं. चिमणी दाणा खाते खरी, पण पिल्लांना तीही अळ्याच भरवते. तेव्हा दाण्याचे पैसे वाचवा, एखादी पपई झाडावरच पिकू द्या, आणि वईवर, म्हणजे कुंपणाच्या झाडोऱ्यावर, औषध फवारू नका.

परळाचं सगळं उलट. विकणारी बाई म्हणाली, "व्हर गो बाय, उदक थंड उरतलें." (ने गं बाई, पाणी थंड राहील.) खरंच राहतं, कारण माती पाणी झिरपू देते आणि ते उडून जाताना भांडं गार होतं. एप्रिलच्या दुपारी, नळाचं पाणी चटका देतं तेव्हासुद्धा, यातलं बोटाला गार लागायचं. खोली दोन बोटं, त्याहून जास्त नको. मी मधे एक चपटा दगड ठेवला आहे. शिपाई बुलबुल आधी त्या दगडावर उतरतो, तुरा ताठ करून चारी बाजूंना बघतो, मग एकदम पोटापर्यंत आत. पंख असे फडफडवतो की पाणी माझ्या पायरीपर्यंत येतं. बाहेर आला की इतका बारका दिसतो की ओळखू येत नाही, फक्त गालावरचा लाल ठिपका तेवढा राहतो. (गोव्याचा राज्यपक्षीही बुलबुलच, पण तो पिवळा, लाल गळ्याचा, सह्याद्रीच्या रानातला. तो पर्वरीत येणार नाही.)

एक चूक माझी झाली. सुरुवातीला परळ जास्वंदीच्या अगदी मुळाशी ठेवला होता. बोका त्याच झुडपात दबा धरून बसला आणि त्याने माझ्या डोळ्यांदेखत एक बुलबुल नेला. भिजलेल्या पाखराला पटकन उडता येत नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आता परळ झुडपापासून दहा पावलं दूर, चिऱ्यांवर, फणसाच्या सावलीत आहे.

पाणी रोज बदला. डासाची अळी पाण्यात साधारण आठवडाभरात मोठी होते, आणि पावसाळ्यात डेंग्यूची भीती आपल्याला ठाऊकच आहे. मी सकाळी सोडणाने, म्हणजे नारळाच्या सालीने, घासते, साबण अजिबात नाही. जुनं पाणी जास्वंदीच्या पानांवर ओतते. एकदा ओतून वळले तर शिंजिराची मादी त्या ओल्या पानावर पोट घासत घासत अंघोळ करत होती. परळात ती कधीच उतरली नाही, तिला पानावरचे थेंबच पुरतात.

घेताना रंग दिलेला किंवा चकचकीत लेप असलेला परळ घेऊ नका, तो झिरपत नाही. बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजला तर चांगला भाजलेला, बद्द वाजला तर तडा आहे. नळीला मी एक तारा देईन, तोही मनोल्यांसाठी. परळाला पाच. येत्या शुक्रवारी दुसरा आणणार आहे, कॉलनीच्या फाटकावर वॉचमनच्या खोलीच्या छपरावर ठेवायला. तिथे कावळे फुटक्या पाइपाला चोच लावून बसलेले असतात.