सोळा इंची स्क्रोल सॉ: मशीन बरं आहे, पण पैसे ब्लेडला राखून ठेवा

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाही. जवळपास अगदी असंच मशीन वेगवेगळ्या रंगात आणि वेगवेगळ्या स्टिकरखाली ऑनलाइन मिळतं, आणि पुढे थोडी तक्रारही आहे, त्यामुळे उगाच एकाला धरून बोलण्यात अर्थ नाही. १६ इंची थ्रोट (म्हणजे ब्लेडापासून मागच्या खांबापर्यंतची जागा), १२० वॅटची मोटर, मिनिटाला ४०० ते १६०० स्ट्रोक असा स्पीडचा नॉब, टेबल एका बाजूला ४५ अंशांपर्यंत कलतं, पिनवाली (टोकांना आडवी पिन असलेली) आणि बिनपिनची दोन्ही ब्लेडं बसतात असं डब्यावर छापलेलं. मला गोव्यात फोंड्याला घरपोच तेरा-साडेतेरा हजारांत पडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्क्रोल सॉ म्हणजे उभं, दोऱ्यासारखं बारीक ब्लेड वरखाली हलतं आणि आपण लाकूड त्याच्याभोवती फिरवतो, त्यामुळे जाळीकाम, अक्षरं, गणपतीच्या सोंडेची वळणं वगैरे निघतं, जे हातात धरायच्या जिगसॉने कितीही हात बसला तरी निघत नाही. आतलं डिझाइन कापायचं तर बारीक भोक पाडायचं, ब्लेड वरून सोडवायचं, भोकातनं ओवायचं, परत अडकवायचं आणि कापायचं. जाळीत पन्नास भोकं असतील तर हे पन्नास वेळा, आणि मशीन चांगलं की वाईट हे खरं तर इथेच कळतं.

डब्यातनं काढल्यावर पहिलं काम म्हणजे ते फळीवर बोल्ट करणं. नुसतं टेबलावर ठेवून हजाराच्या पुढे स्पीड नेलात तर खरंच जागेवरनं चालत सुटतं. मी खाली गाडीच्या जुन्या रबर मॅटचा तुकडा, त्यावर १८ मिमीचं मरीन प्लाय, त्यावर मशीन असं घट्ट केलं आणि आता शिलाई मशीनएवढाच आवाज येतो, दुपारी शेजारी कोणी झोपलं असलं तरी चालतं.

आमच्या वाड्यावरचे मेस्त बघायला आले होते, त्यांचं सगळं आयुष्य रंधा-पटाशीवर गेलेलं, त्यांनी टेबलाखालची अंशांची पट्टी बघितली न बघितली आणि म्हणाले, "बाय, त्या आकड्यांवर जाऊ नकोस, गुण्या लाव." गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन, तो लावला तर शून्यावर काटा असताना टेबल चक्क तिरकं. ही तक्रार फक्त माझ्याच मशीनची नाही, या किमतीच्या बहुतेक मशीनांची पट्टी नुसती शोभेची असते. गुण्या नसेल तर आणखी एक युक्ती आहे, दीड-दोन इंच जाड लाकडाच्या तुकड्यात ब्लेडने जराशी खाच पाडायची, मशीन बंद करून तो तुकडा टेबलावरच गोल फिरवून ब्लेडच्या मागच्या बाजूने आणायचा, आणि ब्लेड त्या खाचेत वरपासून खालपर्यंत अलगद बसलं तर टेबल काटकोनात आहे, वर लागलं आणि खाली फट राहिली तर नाही. मी आता टेबल कलवून परत सरळ केलं की दरवेळी हेच करते.

आता ब्लेड, म्हणजे मुख्य विषय. डब्यात जी पिनवाली ब्लेडं येतात ती सरळ बाजूला ठेवा. पिन आत जायला जवळजवळ ५ मिमीचं भोक लागतं, मग कसलं नाजूक जाळीकाम, त्या भोकातच अर्धी पाकळी जाते. शिवाय ती जाड असतात, वळणावर लाकूड जळतं, खालच्या बाजूला कुसळं निघतात. बिनपिनची ५ इंची ब्लेडं मागवली, त्यात ३ नंबर आणि ५ नंबर, उलट्या दातांची, म्हणजे खालचे थोडे दात वरच्या दिशेला असतात त्यामुळे खालची कड फाटत नाही, आणि मग वाटलं की हां, हे मशीन विकत घेण्यासारखं आहे. साधा हिशोब असा की ३ ते ६ मिमी प्लायला १ किंवा ३ नंबर, पाऊण इंची लाकडाला ५, त्याहून जाड किंवा कडक असेल तर ७ किंवा ९, आणि व्हिनियरसारखं पातळ असेल तर २/० (हे शून्यवाले नंबर उलटे चालतात, शून्यं जास्त तेवढं ब्लेड बारीक). ३ नंबरला दीड मिमीचं भोक पुरतं. ओल्सन, पेगास, फ्लाइंग डचमन ही नावं या छंदातले लोक घेतात, इथल्या दुकानात विचाराल तर काउंटरवरचा माणूस आपल्याकडे बघत राहतो, म्हणून ऑनलाइनच. डझनाला जे पडतात ते ऐकून पहिल्यांदा पोटात गोळा येतो, पण स्वस्त ब्लेडं पत्र्यातनं ठोकून काढलेली असतात, एका बाजूला बारीक खरबरीत कड राहते आणि कापताना रेघ एकाच बाजूला ओढली जाते, म्हणून लाकूड सरळ न ढकलता किंचित तिरकं धरून ढकलावं लागतं. चांगल्या ब्लेडातही थोडं ओढणं असतंच, हाताला त्याची सवय होते, पण स्वस्तात फारच.

ताण किती द्यायचा हे कुठेच नीट लिहिलेलं नसतं. नखाने ब्लेड छेडायचं, टिंग असा स्वच्छ आवाज आला पाहिजे, भद्द आवाज आला तर ढिलं आहे. ढिलं असलं की जाड लाकडात ब्लेड मधे पोटाला येतं, वरून रेघ बरोबर दिसते आणि उलटून बघितलं तर कड फुगलेली.

मशीनचा सगळ्यात वाईट भाग म्हणजे बिनपिनच्या ब्लेडांचे क्लॅम्प. ॲलन कीने (षटकोनी चावीने) आवळायचे, स्क्रू मऊ धातूचा, आणि नवीन ब्लेडावर तेलाचा थर असतो त्यामुळे मधेच निसटतं, ठक्क करून आवाज येतो, दचकायला होतं. ब्लेडाची दोन्ही टोकं पॉलिश पेपरवर जराशी घासून घेतली की हा त्रास बराच कमी होतो. स्क्रूच्या जागी मी हार्डवेअरवाल्याकडून हाताने फिरवायचा स्क्रू घेऊन बसवलाय, दर भोकाला की शोधणं वाचलं. टेबलातली गोल चकतीही कामाची नाही, टेबलापेक्षा जराशी खाली बसते आणि भोक एवढं मोठं की छोटे तुकडे त्यात अडकतात, त्यावर सनमायकाचा तुकडा डबल टेपने चिकटवून ब्लेडापुरतं भोक ठेवलं, झालं. धूळ उडवायची जी नळी आहे ती जिथवर यायला हवी तिथवर येत नाही, आणि लाकूड दाबून धरायची जी पट्टी ब्लेडापुढे असते ती मी काढूनच टाकली, रेघ दिसत नाही तिच्यामुळे. नवशिक्याने मात्र राहू द्यावी, लाकूड उडी मारतं तेव्हा बोटं वाचतात.

लाकडाबद्दल थोडं, कारण आपल्याकडे यात मजा आहे. फणस सुरेख, पिवळाधमक, कड गुळगुळीत येते, फक्त उन्हात पडला की रंग तपकिरीकडे जातो. शिवण हलकं आणि सोसतं सगळं, शिकायला हेच घ्या, मिलवर कापलेल्या फळ्यांचे तुकडे मागितले तर देतात. सागवान दिसायला राजा पण त्यात सिलिका असते, ब्लेडाची धार खाऊन टाकतं. मत्ती, म्हणजे ऐन, फार कडक, त्याच्या वाटेला या मशीनवर तरी जाऊ नका. माडाचं लाकूड बाहेरून दगड आणि आतून भुसा, नाद सोडा. एमडीएफ कापायला लोण्यासारखं, पण पहिल्या पावसात कडा फुगतात, आणि त्याची धूळ नाकातोंडात जाणं बरं नव्हे, एन९५ मास्क लावाच. कुठलंही लाकूड असो, वर पॅकिंग टेप मारून त्यावर डिझाइनचा कागद चिकटवला तर लाकूड जळत नाही, टेपचा थर ब्लेडाला वंगणासारखा होतो.

चवथीचं मखर हे माझ्या मशीनचं खरं काम. थर्माकोल दरवर्षी आणायचं आणि विसर्जनानंतर कुठे टाकायचं याचा घोळ, म्हणून ६ मिमी प्लायचं जाळीदार मखर करायचं ठरवलं, मधे प्रभावळ, दोन बाजूंना मोराच्या पट्ट्या. दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून, कडेने टेप गुंडाळून एकदमच कापायच्या, मग एक उलटी केली की आरशातल्यासारखी जोडी मिळते, वेगवेगळ्या कापल्या तर एका मोराची मान जाड आणि दुसऱ्याची बारीक होणारच. प्लाय घेताना कड बघून घ्या, आतल्या थरात पोकळी असली तर जाळीची काडी तिथेच तुटते, आणि हे कापून झाल्यावर कळतं. जोडायला खिळे नाहीत, खाचा, म्हणजे सोडवून माळ्यावर ठेवता येतं. पण ६ मिमी म्हणून मिळणारं प्लाय कॅलिपर लावला तर बरेचदा पूर्ण ६ भरत नाही, म्हणून खाच आधी रद्दी तुकड्यावर कापून बघायची, कागदावरच्या मापावर नाही. माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) ते मखर उभं राहिलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पुढल्या वर्षी शंख-चक्रही घाल गो," म्हणजे पास झालं.

दुसरं जे करून बघावं ते जडावकाम. फणसाची आणि शिसवीची साधारण ६ मिमीची फळी एकावर एक तात्पुरती चिकटवायची, टेबल ३-४ अंश कलवायचं आणि दोन्ही एकदम कापायचं, तिरक्या कापामुळे वरचा तुकडा खालच्या भोकात पाचरीसारखा घट्ट बसतो, ब्लेडाने खाल्लेली फट दिसतच नाही. अंश किती हे फळीची जाडी आणि ब्लेडावर ठरतं, आणि पूर्ण डिझाइन एकाच दिशेने फिरवत कापायचं, मधेच दिशा बदलली तर तुकडा बसायच्या ऐवजी आरपार पडतो. या कामाला मशीनने अजिबात निराश केलं नाही, सावकाश स्पीडलाही मोटर अडखळत नाही.

आता पावसाळा. टेबल लोखंडी, जूनमध्ये एका रात्रीत तांबूस पडायला लागतं, साधी मेणबत्ती घासून फडक्याने पुसली की गंजही नाही आणि लाकूडही छान सरकतं. ब्लेडं झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. आणि लाईट जायचा प्रकार तर तुम्हाला माहीत आहेच. या मशीनचा स्विच साधा आहे, लाईट गेली तेव्हा तो चालूच राहतो आणि आली की मशीन आपोआप सुरू होतं, तेव्हा तुम्ही नेमके अडकलेलं ब्लेड बोटाने सोडवत असलात तर विचारू नका. अंधार झाला की पहिला हात स्विचवर, मग टॉर्च. चांगल्या मशीनला लाईट परत आल्यावर सुरू न होणारा स्विच असतो, यालाही द्यायला हवा होता, ही माझी सगळ्यात मोठी नाराजी.

सर्व्हिसचं म्हणाल तर गोव्यात काही नाही. गेल्या पावसात मोटर ठिणग्या टाकायला लागली, फोन केला तर म्हणे मशीन राज्याबाहेर पाठवा, येण्या-जाण्याचं भाडं तुमचं. एवढं जड धूड कोण पाठवतंय. मोटर वाइंडिंगवाल्या पोराकडे नेलं, त्याने झाकण उघडून कार्बन ब्रश झिजलेत म्हणून दाखवलं, दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनचे ब्रश काढले, पॉलिश पेपरवर घासून मापात आणले आणि बसवले, दीडशे रुपये. तेव्हापासून ठीक चाललंय. घेताना जास्तीचे ब्रश मागून ठेवा, मिळाले तर.

लेझरवाल्यांकडून करून घेतलेलं स्वस्त पडतं असं सगळे सांगतात, आणि खरं आहे, एकाच प्रकारच्या वीस नेमप्लेट हव्या असतील तर पणजी-म्हापशाला लेझरवाल्याकडेच जा. पण लेझरने कड काळी पडते, जाड लाकूड त्यांच्या मशीनला जड जातं, आणि असं तिरक्या कापाचं जडाव तर विसराच. शेजारच्या आंटीला नाताळच्या गोठ्यासाठी मेंढरं हवी होती, ती चौकोनी काठीवर दोन बाजूंना डिझाइन चिकटवून कापली, आधी एक बाजू, सुटलेले तुकडे टेपने परत जागेवर बांधून मग दुसरी, आणि टेप काढली की आतनं सगळ्या बाजूंनी गोलसर मेंढरू बाहेर पडतं. ते लेझरला सांगा बघू.

माझे गुण पाचपैकी साडेतीन, अर्धा क्लॅम्पने खाल्ला आणि एक स्विचने. १६ इंची थ्रोट घरगुती कामाला भरपूर आहे, फक्त मखराची मोठी कमान मागच्या खांबाला आपटते आणि फिरवताच येत नाही. स्पायरल ब्लेड घातलं तर लाकूड न फिरवता कुठल्याही दिशेला कापता येतं, पण कड खरबरीत येते आणि मग घासत बसा. मी कमान दोन तुकड्यांत करते, जोड वर कळसाच्या मागे लपवते, २० इंचीसाठी दुप्पट-तिप्पट पैसे घालण्यापेक्षा ते परवडतं.