नव्या घराभोवतीची बाग आणि ठिबक, १० महिन्यांनंतर

घर झाल्या झाल्या रोपं आणायची घाई होती, पण आधी दोन आठवडे नुसतं अंगण बघितलं, ऊन कुठे किती वेळ राहतं, पाणी कुठे साचतं, ड्रेनेजची लाईन कुठून गेलीये, सगळं कागदावर काढलं आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त उपयोग त्या कागदाचाच झाला. मोठं होणारं झाड ड्रेनेजच्या लाईनवर येणार होतं, ते वेळीच हलवलं.

उतार पण आधी काढून घेतला, जोत्यापासून पहिल्या १० फुटांत साधारण ६ इंच. मोठ्या पावसातही पाणी भिंतीशी थांबलं नाही.

मातीने मात्र रडवलं. बांधकामाच्या गाड्यांनी जमीन दगडासारखी दाबलेली, त्यात सिमेंटचं डबर, आणि काम घेतलेल्या माणसाने त्यावरच अर्धा फूट चांगली माती पसरून दिली. दिसायला छान, पण पाणी खाली मुरेचना, चार रोपांची मुळं कुजली. भिंतीलगतच्या झाडांची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे सिमेंटमधल्या चुन्याने माती अल्कधर्मी झाली की झाडाला लोह नीट घेता येत नाही, तो प्रकार. मग सगळं उपसून दीड फूट खणलं, डबर वेचलं, कंपोस्ट मिसळलं. हे आधी कळायला सोपं आहे हो, फूटभर खड्डा करा, पाणी भरा, मुरलं की परत भरा आणि तासाला किती उतरतं ते मोजा. आमचं अर्धा इंचही उतरत नव्हतं, आता दोनच्या आसपास उतरतं.

ठिबकवर मी खूश आहे. तासाला ४ लिटर पाणी थेंब थेंब सोडणारे ड्रिपर, टायमर लावलाय, गावाला गेलो तरी काळजी नाही. फिल्टर मात्र १५ दिवसांनी धुवावाच लागतो आणि नळीचं टोक उघडून गाळ सोडावा लागतो, एकदा राहिलं तर शेवटचे तीन ड्रिपर बंद पडले. झाड वाढलं की ड्रिपर खोडापासून लांब सरकवा. पाऊस सुरू झाला की टायमर बंद करायचं लक्षात ठेवा, साध्या टायमरला पाऊस कळत नाही.

वर पालापाचोळ्याचा २-३ इंच थर दिलाय, खोडाला न टेकवता. तण बरंच कमी झालं. लॉनची जागा अजून मोकळीच ठेवलीये, तिथली माती अजून खणायचीये.